बुधवारपासून तेरा दिवस

शेखरचा अंदाज कधी चुकत नसे! कोणतं काम किती दिवस खाईल, हे तो चहा गार व्हायच्या आत सांगायचा आणि ते काम निमूटपणे तेवढेच दिवस खायचं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या ट्रकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर त्याची टीम बनवत होती. अंदाजाच्या या सवयीमुळे वडिलांना तपासून डॉक्टर "बस, दो-चार दिन" म्हणाले, तेव्हा रडू यायच्या आधी त्याच्या मनात आलं, दोन की चार? इतका मोघम अंदाज कोणी देतं का!

सोमवारी पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाची आखणी होती. कोण कधी सुट्टीवर, हे त्याच दिवशी फळ्यावर लागायचं. नंतर मागितलेली सुट्टी मिळत नसे.

"तारीख सांग," मॅनेजर नरेंद्र म्हणाला.

"सर, बाबांची तारीख मी कशी सांगू?"

"तारखेशिवाय सुट्टी फळ्यावर चढत नाही. नियम तूच बनवलास ना!"

खरं होतं. बनवला तेव्हा शेखरला फार अभिमान वाटला होता. मग नेहमीसारखे आकड्यांचे पत्ते निघाले. प्रत्येकाने आपला अंदाज उलटा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा. अस्मिताचा एक निघाला, विशालचा तीन.

"तीन कैसे? अंकल बहुत सीरियस हैं!" अस्मिता भांडायलाच उठली.

"पुराने रेलवेवाले हैं, टाइम लेंगे."

शेवटी दोन दिवसांवर एकमत झालं. शेखरनेही दोनच टाकला होता आणि टाकताना आपण अडखळलोही नाही, याची त्याला घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली. फळ्यावर लागलं: शेखर, पितृशोक, बुधवारपासून तेरा दिवस.

बुधवारी सकाळीच ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. शेखरचा अंदाज, म्हणजे झालंच असणार! दहाच्या सुमारास दवाखान्यात बायकोचा, सुनेत्राचा, फोन आला.

"अहो, इकडे बूढ़ापाऱ्यात, घरी, तुमच्या ऑफिसातून एवढा मोठा हार घेऊन माणूस दारात उभा आहे! शेजारच्या कुसुमकाकू रडून राहिल्या! बाबा गेले काय?"

बाबा खाटेवर टेकून बसले होते आणि पोहे मागत होते. बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड असलेले श्यामराव कुठे वेळेवर पोचल्याचं कोणाला आठवत नव्हतं. शेखरने घाईघाईने नरेंद्रला फोन लावला, तो उचलेना.

"कोणाले फोन लावून राहिला?" श्यामरावांनी विचारलं.

शेखरने सगळं खरं सांगून टाकलं. श्यामराव हसले, हसता हसता खोकले.

"तेरा दिवस? मी गेल्यावर?"

"हो, बाबा."

"अन् आता माह्याजवळ बसाले किती टाकले?"

एकही नाही.  तेवढ्यात नरेंद्रचाच उलट फोन आला.

"शेखर, फार वाईट झालं रे! अंत्ययात्रा किती वाजता? आम्ही सगळे निघतो."

शेखरने वडिलांकडे पाहिलं.

"नका येऊ, सर. उरकलं सगळं."

हसू फोनमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून श्यामरावांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

मग नऊ दिवस शेखर खाटेशेजारी बसला. रमी हरला, जुन्या गाड्यांच्या गोष्टी ऐकल्या, बापाची नखं कापली. इतका सुखी तो कित्येक वर्षांत नव्हता. दहाव्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, श्यामराव गेले. या खेपेला हार कोणी पाठवला नाही.

सोमवारी सुट्टी संपली. मंगळवारी, ऐन सुतकात, मुंडन केलेलं डोकं घेऊन शेखर ऑफिसात हजर! त्याच्यासाठी सगळ्यांनी आखणी मुद्दाम एक दिवस पुढे ढकलली होती. नरेंद्रने जिलेबीचा पुडा उघडला.

"तेरवी झाली, आता तोंड गोड कर. दोन आठवडे होत आले, सावर."

शेखरने जिलेबी तोंडात घेतली. 

"भैया, इस बार कोई छुट्टी?" अस्मिता फळ्याशी पेन घेऊन उभी होती.

खरी तेरवी पुढच्या आठवड्यात, बुधवारी होती. पण एकाच बापाला दोनदा कसं पोचवणार?

"नाही," तो म्हणाला, "या वेळी काही नाही."