पेटी शंभर टक्के भरलेली आहे

पलूस येथील सेवानिवृत्त विस्तार अधिकारी नानासो यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन अकरा दिवस झाले असताना, बुधवारी सकाळी त्यांच्या घरातील फ्रिजने बर्फ देणे बंद केले.

घटना तशी किरकोळ. परंतु सांगलीच्या डॉक्टरांनी बजावले होते, की सोमवारच्या तपासणीत गुडघा नव्वद अंशांत वाकला पाहिजे; नाही वाकला, तर पुन्हा भूल देऊन आम्ही वाकवू. हे सांगताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जो उत्साह होता, तो नानासोंना झोपेतही दिसत असे. गुडघा आजमितीस सत्तरवर अडलेला. व्यायाम केला की सूज यायची, सुजेवर बर्फ ठेवायचा, सूज उतरली की पुन्हा व्यायाम. छत्तीस वर्षांच्या सेवेत वरिष्ठांपुढे वाकायला ज्यांना कधी बर्फ लागला नाही, त्यांच्यावर ही वेळ आली होती.

फ्रिज साधा नव्हता. शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या जयराजने, म्हणजे मुलाने, तो पाठवला होता. तो आपणच पाणी घ्यायचा, आपणच बर्फ करायचा आणि आतल्या पेटीत आपणच टाकायचा. शिवाय स्वतःची खुशाली परस्पर कंपनीला कळवायचा. एवढी खुशाली जयराजही कळवत नसे. जुना फ्रिज, बर्फाच्या दोन ट्रेंसह, दूध घालणाऱ्या बनाबाईंना देण्यात आला होता. त्या प्रसंगी नानासोंनी चार शब्द बोलून फोटोही काढून घेतला होता.

नानासोंनी कंपनीला फोन लावला. सुजलेला पाय उशीवर ठेवून त्यांनी सांगितले ते आकडे दाबले. दुपारी संदेश आला : ‘आपली तक्रार नोंदवली आहे. तपासणी होईपर्यंत बर्फाच्या कप्प्यातील परिस्थितीत बदल करू नये, अन्यथा वॉरंटी रद्द समजावी.’ त्यानंतर चारच मिनिटांनी दुसरा आला : ‘आमच्या प्रणालीनुसार आपली बर्फाची पेटी शंभर टक्के भरलेली आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

“आवं, मी वाटीत पाणी घालून ठिवते की,” त्यांच्या पत्नी अक्काताई म्हणाल्या. “हुईल बर्फ सांजपत्तुर.”

“परिस्थितीत बदल करायचा नाही असा लेखी आदेश आहे.”

“मग एस्टी स्टँडावरच्या गोळेवाल्याकडनं आणते.”

“आख्ख्या गल्लीला बोलवून फ्रिज दाखवलाय आपण. आता गोळेवाल्याच्या गाडीवर उभी राहणार तू?”

नानासोंनी कागद घेतला. विषय : बर्फ न मिळणेबाबत. संदर्भ : आपला आजचा संदेश. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, प्रणालीनुसार पेटी भरलेली असली तरी प्रत्यक्षात बर्फ येत नाही.’ त्याचा फोटो काढून कंपनीला धाडला. शुक्रवारी उत्तर आले : ‘प्रत्यक्षाबाबत प्रणालीकडे कोणतीही नोंद आढळून येत नाही.’

नानासोंनी ते दोनदा वाचले. राग यायला हवा होता, पण आला तो उमाळा. “काय ड्राफ्टिंग आहे!” ते म्हणाले. गुडघा तेवढ्यात पासष्टवर आला होता.

शनिवारी कंपनीचा तंत्रज्ञ आला. नाव ऋषिराज, खांद्याला बॅग, हातात टॅब. त्याने फ्रिजसमोर उभे राहून बंद दाराचे तीन कोनांतून फोटो काढले.

“दार उघड की रं,” नानासो पलंगावरून म्हणाले.

“काका, पेटी रिकामी दिसली तरच उघडायचा पर्याय येतोय. भरलेली पेटी उघडायला फॉर्ममधी कारणच न्हाई.”

“मग आलास कशाला?”

“भेट दिली म्हणून लिहायला.”

त्याने अहवाल भरला, नानासोंचे बोट टॅबवर टेकवून सही घेतली आणि अहवाल वर पाठवून दिला. एवढ्यात अक्काताई चहा घेऊन आल्या. सोबत पाहुण्यासाठी मूठभर बेदाणे. हिरवेगार, लांबट, थंडगार.

“लय भारी हायत, काकू,” ऋषिराज एक तोंडात टाकत म्हणाला. “आणि एवढं गार?”

“भावाच्या बेदाणा शेडवरचं हायत. मंगळवारी पाच किलो घिऊन आला. भाईर ठिवलं की काळं पडत्यात, म्हणून बर्फाच्या पेटीत वतलं. लय बेस डबा हाय तो.”

बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा आणि लोणच्याच्या बरणीत कडधान्य ठेवणाऱ्या घरात बर्फाच्या पेटीत बेदाणे असणे, यात अक्काताईंना काहीच वावगे वाटले नव्हते. ऋषिराजने दार उघडले. पेटीवरची दांडी बेदाण्यांच्या ढिगावर टेकून बसली होती. पेटी भरली की दांडी वर उचलली जाते आणि यंत्र थांबते. पेटी कशाने भरली, हे पाहण्याची दांडीला सोय नव्हती.

“आवं, काढते की मग!” अक्काताई परात आणायला निघाल्या.

“काकू, थांबा!” ऋषिराज ओरडला. “आताच अहवाल गेलाय, पेटी भरलेली म्हणून. आता रिकामी केली तर फ्रिज लगीच वर कळवणार. म्हंजी मी खोटा. सोमवारी पडताळणी हाय, काका. तवर नका हात लावू. माझी नोकरी जाईल.”

नानासोंनी आधी गुडघ्याकडे पाहिले, मग त्या पोराकडे. एकदा वर गेलेला अहवाल खोटा पाडणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

“राहू दे बेदाणे,” ते अधिकारवाणीने म्हणाले. “अभिलेख बदलता येत नाही.”

रविवारी सकाळी बनाबाई दूध घेऊन आल्या तेव्हा गुडघ्याचा भोपळा झाला होता. अक्काताईंनी सगळी हकिकत सांगितली. बनाबाई किटली खाली ठेवून हसत सुटल्या.

“आवं सायेब, बेदाणं काढा की भाईर!”

“काढता येत नाहीत. पेटी भरलेली असल्याचा अहवाल गेलाय.”

“आस्सं व्हय. म्हंजी आमच्या नळागत.”

“कुठला नळ?”

“आमच्या वस्तीवरचा. जीपीतनं खाली न उतरता तुमीच न्हाई का लिव्हलं, शंभर टक्के पूर्ण म्हणून? नळ हाय, पाणी न्हाई. मी अर्ज केला, तर तुमचाच कागद आला. पाणी चालू असल्यानं तक्रार निकाली. जपून ठिवलाय मी. तुमच्या जुन्या फ्रिजावर अंथरलाय.”

नानासोंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सुरुवात केली. बनाबाई गेल्या आणि अर्ध्या तासात स्टीलचे पातेले घेऊन परत आल्या. दोन्ही ट्रेंमधला बर्फ होता.

“हापशाचं पाणी हाय, गढूळ दिसंल,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याला चालतंय. प्यायला तेवढं आमाला.”

त्या दिवशी त्यांनी तीन खेपा घातल्या.

सोमवारी सांगलीत गुडघा एक्याण्णव अंशांत वाकला. डॉक्टर थोडे हिरमुसले. परतताना गाडीत नानासोंचा फोन वाजला. कंपनीचा मधाळ आवाज : “आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी असल्यास एक दाबा. असमाधानी असल्यास दोन दाबा आणि ओळीत थांबा.”

नानासोंचे बोट दोनवर गेले. मग ते एकवर आले आणि घट्ट दाबले गेले.

“काय दाबलं वं?” अक्काताईंनी विचारले.

“मिटवलं एकदाचं.”

वाचकहो, हसा, जरूर हसा. पण असाच फोन आपल्यालाही मागे आला होता. तेव्हा आपण कितीवर बोट ठेवले होते? आठवत नसेल तर काळजी नको. तिकडे नोंद आहे : आपण शंभर टक्के समाधानी आहात.