पांढऱ्या गोळ्यांचा डबा

तिसरीच्या वर्गाचं गणिताच्या तासाला डोकं दुखतं, हे बाईंना बावीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. पण डोकेदुखीवर मुलं औषध घ्यायला लागली ती गेल्या महिन्यापासून. फळ्यावर भागाकार पडला रे पडला की मागच्या बाकांवरून चट्‌ चट्‌ असा चंदेरी कागद फुटल्याचा आवाज यायचा आणि कुणीतरी दुखणाईत चेहरा करून पांढरी गोळी जिभेवर ठेवायचं.

"बाई, मला दिवसातून तीनदा सांगितलीय."

"कोणी सांगितलीय?"

मग शेजारी बसलेले डॉक्टर उभे राहायचे. डॉक्टरांचं नाक वाहत असायचं.

ती चघळायची साधी साखर होती. पण कारखान्यातल्या कुणा बुद्धिमान माणसाने तिला औषधाचं रूप दिलं होतं. दहा गोळ्यांची पट्टी, गोळीच्या मधोमध रेघ, वर खोकं आणि खोक्यात बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा. मुलं पट्टी कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे वाटून घ्यायची. अभ्यास बुडाला होता, डबे घरी भरलेलेच परत जात होते आणि गेल्या गुरुवारी तर एक जण भूगोलाच्या तासाला इतका गाढ झोपला की बाईंनी त्याला दाराबाहेर उभा केला. तो तिथेही भिंतीला टेकून झोपला.

बाईंनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे, तीनदा गाऱ्हाणं नेलं.

"तुम्ही राईचा पर्वत करता," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांना खरं-खोटं चांगलं कळतं. आपल्यापेक्षा शहाणी असतात ती." बोलता बोलता त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आपली रक्तदाबाची गुलाबी गोळी शोधू लागल्या. पट्टी रिकामी होती. "बघा, महिन्याचं औषध पंधरवड्यात संपतं. तो औषधवाला मोजून देत नाही की काय कोण जाणे. आता पुन्हा आणायला पाठवते. तर काय सांगत होते, आज चारला पालक येणार आहेत. ह्या गोळ्यांनी मुलांना अपाय होतो की नाही, ते मला तीनपर्यंत दोन ओळींत लिहून द्या. पुरावा असेल तरच होतो म्हणायचं."

पुरावा गोळा करावा म्हणून बाईंनी सकाळीच वर्गाची झडती घेतली. खिसे, दप्तरं, कंपासपेट्या, एका मोज्यातूनसुद्धा माल निघाला. एकंदर त्रेसष्ट तुकडे, बहुतेक पांढरे, काही रंगीत. ते त्यांनी आपल्या खणात ओतले आणि पुढचा तास घ्यायला दुसऱ्या वर्गावर गेल्या.

त्याच खणात एका कोपऱ्यात पाकीट होतं. त्यात छोटीच्या दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा होता, आजची आणि उद्याची. छोटी म्हणजे पहिल्या बाकावरची, वर्गातली सगळ्यांत लहान चणीची पोरगी. तिला झटके यायचे. गेलं वर्षभर एकही आला नव्हता, कारण दुपारी साडेबाराची गोळी एकदाही चुकली नव्हती. आईने बाईंच्या हातात हात देऊन सांगितलं होतं, "मी कारखान्यात असते, तुमच्यावरच सोडते." तेव्हापासून साडेबारा वाजले की बाई हातातला घास ठेवून उठायच्या.

आजही उठल्या. खण उघडला तर खण आरशासारखा लख्ख.

"मी आवरला," झाडलोट करणाऱ्या मावशी दारातून कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. "किती पसारा तो. सगळ्या गोळ्या एका डब्यात भरल्या बघा. पांढऱ्या खाली, रंगीत वर."

"आणि पाकीट?"

"ते चुरगळलेलं? त्यातल्या गोळ्याही डब्यात घातल्या, पाकीट कचऱ्यात. गाडी येऊन गेली की."

बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. रंगीत बाजूला काढल्यावर एकेचाळीस पांढरे तुकडे उरले. सगळे दोन गोळ्यांचे, सगळे कापलेले, कुठल्याच तुकड्यावर धड नाव नाही. त्यांतला एक खरा.

"छोटे, तुझी गोळी कशी असते गं?"

"पांढरी," छोटी म्हणाली. "मी डोळे मिटून घेते, बाई."

आईच्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या साहेबाने सांगितलं, कामावर असताना कुणाला बोलावता येत नाही, एक वाजता सुट्टी होईल. मावशी धावत जाऊन समोरच्या औषधवाल्या काकांना घेऊन आल्या. काकांनी चष्मा पुसला, तुकडे उजेडात धरले, नाकाशी नेले आणि मान हलवली.

"ह्यातली कुठली औषधाची ते मला सांगता येणार नाही."

"अहो, पण तुम्ही औषधवाले ना?"

"म्हणूनच सांगत नाही. नाव कळलं तर दुकानातली नवी देतो. नावाशिवाय हात लावणार नाही." काका घुटमळले. "खरं सांगू का, ह्या साखरेच्या पट्ट्या मीही ठेवतो. गल्ल्याशेजारी. परवा स्वतःच पित्ताची म्हणून दोन घेतल्या."

"मग?"

"पित्त वाढलं."

आता चाखून बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण खरीच तोंडात विरघळली तर छोटीला द्यायची काय? नुसतं जिभेचं टोक लावायचं ठरलं. सात तुकड्यांनंतर बाईंची जीभ इतकी गोड झाली की तिला खडूही गोड लागला असता. मावशींनी मदतीची तयारी दाखवली, पण त्यांना मधुमेह. एक वाजायला दहा मिनिटं होती. छोटी शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती, आणि ते बघून बाईंना रडू फुटायच्या बेतात होतं. बावीस वर्षं आपण मुलांना काय शिकवलं आणि आपल्याला स्वतःला काय येतं, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर काही चांगलं नव्हतं.

"बाई, मी बघू?"

ही मॉनिटर. दोन वेण्या, नीटनेटक्या वह्या, वर्गातलं सगळ्यांत सुरेख अक्षर. तिने एकेक तुकडा उचलला, मागच्या चंदेरी कागदावर नखाने हलकेच दाबलं आणि बाजूला टाकला. तेविसाव्या तुकड्याला थांबली.

"ही खरी. हिचा कागद चिवट असतो. खोटीचा लगेच फाटतो."

तेवढ्यात फोन वाजला. छोटीच्या आईने औषधाचं नाव सांगितलं. काका दुकानातून त्या नावाची अख्खी पट्टी घेऊन आले आणि मॉनिटरने काढलेला तुकडा तिच्याशेजारी ठेवला. तोच आकार, तीच रेघ, तोच चिवट कागद. तरीही काकांनी आपल्या पट्टीतलीच गोळी दिली. छोटीने डोळे मिटले, गिळली, आणि बाई खुर्चीत बसल्या.

मोठ्या बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या.

"मी काय म्हणत होते? जे औषधवाल्याला कळलं नाही ते आठ वर्षांच्या मुलीला कळलं. लिहा आता. मुलांना फरक ओळखता येतो, सबब अपाय नाही."

बाईंनी कागद पुढे ओढला. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं आणि मोठ्या बाईंचं खोटंही म्हणता येत नव्हतं. 'मुलांना फरक' एवढं लिहून त्या थांबल्या.

"तुला कसं गं कळलं?"

"आमची वही आहे ना," मॉनिटर म्हणाली आणि दप्तरातून खाकी कागदाचं कव्हर घातलेली वही काढून तिने बाईंपुढे ठेवली.

पट्टीने आखलेले रकाने. कोणाची, रंग, चव, निकाल.

'आजोबांची, पिवळी. कडू. खरी. थुंकली.'

'आईची, बारीक. चव नाही. भूगोलाला झोप आली. खरी.'

'छोटीची, घरून आणलेली, पांढरी. कागद चिवट. कडूजहर. खरी. चाटून परत दिली.'

बाईंच्या डोळ्यांपुढे दाराबाहेर उभ्याने झोपलेला तो मुलगा आला. त्याला त्यांनी वर दहा उठाबशा काढायला लावल्या होत्या.

"तुम्ही घरातली औषधं खाल्लीत?"

"खात नाही बाई, तपासतो. कडू लागली की खरी, मग थुंकायची. गोड लागली की खोटी, मग खायची." ह्यात न समजण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

बाईंनी पान उलटलं. तिथे एकच नोंद होती, तीही लाल पेनाने अधोरेखित केलेली.

'मोठ्या बाईंच्या खणातली, गुलाबी. गोड. खोटी. खायला हरकत नाही.'

"हिला वरून साखरेचा लेप असतो," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आत रक्तदाबाचं औषध."

नोंदीखाली एक ते चाळीस आकडे ओळीने लिहिले होते. अठरापर्यंत बरोबरच्या खुणा होत्या.

"हजेरी क्रमांकाने," मॉनिटरने खुलासा केला. "रोज दोघांना एकेक. तुम्हीच सांगितलंय ना बाई, वाटून खावं."

"आज कोणाचा नंबर?" मोठ्या बाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

"एकोणीस आणि वीस."

सगळ्यांनी वर्गाकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावरच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

"ते खडू आणायला तुमच्याच खोलीत गेलेत, मोठ्या बाई."

व्हरांड्यात धावू नये, असं मोठ्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून जो फलक लावला होता, त्याच्याखालून मोठ्या बाई धावल्या. मागोमाग काका आणि त्यांच्यामागे हातात झाडू घेऊन मावशी. थोड्याच वेळात पलीकडून "थुंक आधी, थुंक म्हणते ना" असं तीनदा ऐकू आलं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हजेरीपट उघडला. डॉक्टरांना फोन करायचा होता, आणि मग अठरा घरी. पहिल्या घरी काय सांगायचं ते त्यांनी मनात तीनदा जुळवलं आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडून दिलं. समोर 'मुलांना फरक' एवढाच मजकूर असलेला कागद होता. त्यांनी त्याची घडी घालून वहीत ठेवली. चार वाजता पालकांपुढे ठेवायला वहीच पुरेशी होती.

मॉनिटर अजून टेबलाशीच उभी होती.

"बाई, अक्षर कसं आलंय?"

बाईंनी वहीकडे पाहिलं. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती.

"छान आलंय," त्या म्हणाल्या आणि पहिल्या घरचा नंबर फिरवायला घेतला.