गडवाभर पाणी आणि घिसाईची मशीन

आमच्या घरी कोणी आलं की आधी आमची ख्यालीखुशाली विचारतं. दिवाकरभाऊ वाढई आले की आधी टेबलाला गाल लावतात. चपला दाराशी काढायच्या, सरळ टेबलाशी यायचं, डोळे मिटायचे आणि वाकून उजवा गाल लाकडावर टेकवायचा. मग डोळे उघडून, आजार सांगावा तशा आवाजात म्हणायचं, "खरखर हाय, सर." हे टेबल मी हौसेने नागपूरहून आणलं होतं. आता त्यावर वही तपासतानासुद्धा मला ते खरखरीत वाटतं.

वाढई म्हणजे आमच्याकडचा सुतार. आलापल्लीत सागवानाला तोटा नाही आणि वाढयांनाही नाही, पण दिवाकरभाऊंच्या कामावर हात ठेवला की तो आपोआप घसरत पुढे जातो. पार सिरोंच्याहून लोक पलंग सांगायला येतात, पलंगावर हात फिरवतात आणि न राहवून म्हणतात, "भाऊ, काय फिनिशिंग आहे!" झालं. तिथेच फसतात. फिनिशिंगची तारीफ या माणसाला सहन होत नाही. "फिनिशिंगले काऊन पाहून राह्यले? जोड पाहा, जोड!" असं ओरडून ते गिऱ्हाइकाला पलंगाखाली घालतात. तहसीलच्या एका साहेबांना मी स्वतः त्यांच्या पलंगाखालून, केसांत भुसा घेऊन बाहेर येताना पाहिलं आहे.

अशा माणसाकडे मी दसऱ्याला बंगई सांगितली. बंगई म्हणजे घरातला झोपाळा. दिवाकरभाऊंनी चार दिवसांत साखळ्या आणून आमच्या बैठकीत लटकवल्या आणि फळी आठवड्यात देतो म्हणाले. होळी होऊन गेली तरी साखळ्या तशाच लोंबत होत्या. शाळेत निघताना त्यातला एक आकडा रोज माझ्या कपाळावर बसायचा. आधी फळी आणि मग साखळ्या, एवढं तरी कळायला हवं होतं, असं आमची बायको म्हणायची. अर्थात हे ती मला म्हणायची, दिवाकरभाऊंना चहा द्यायची.

फळी तयारच होती. दोन फळ्या जोडून केलेली, रंधा मारलेली, त्यांच्या पडवीत भिंतीला टेकलेली. अडलं होतं घिसाईवर. पॉलिश पेपरने घासून लाकूड गुळगुळीत करायचं, ते.

"हातानं नाई होत आता," दिवाकरभाऊ म्हणाले. "मशीन पाह्यजे."

"मग घ्या ना!"

"कोनती घेऊ?"

इथे माझी मती फिरली. मी म्हणालो, "चला, मी येतो निवडायला."

चंद्रपूरच्या पहिल्याच दुकानात दुकानदाराने एक धिप्पाड मशीन पुढे ठेवली. "ही घ्या काका, फुल पावर!" दिवाकरभाऊंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, काढला आणि पाणी मागितलं. दुकानदाराने बिचाऱ्याने तहान लागली असेल म्हणून थंड पाणी भरून दिलं. दिवाकरभाऊ प्याले नाहीत. डाव्या हातात भरलेला गडवा, उजव्या हातात मशीन, डोळे मिटलेले, असे ते भर दुकानात तराजूसारखे उभे राहिले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दोनेक मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "जड हाय."

दुकानदार भला माणूस. त्याने त्याहून लहान मशीन काढली आणि समजावून सांगितलं. "ही नुसती गोल फिरत नाही. फिरता फिरता डोलते पण. म्हणून लाकडावर गोल ओरखडे राहत नाहीत." दिवाकरभाऊंनी पिशवीतून सागवानाचा तुकडा काढला, त्यावर मशीन चालवली आणि गडवा मशीनच्या शेजारी ठेवला. पाणी थरथरायला लागलं. तोंड वाकडं करून त्यांनी मशीन बंद केली. "हाताले झिनझिन्या येतीन."

"अहो, तुमचा हात वाढयाचा! तुम्हाला कसल्या झिणझिण्या?" मी म्हणालो.

"तुमी थांबा जी, सर."

मी थांबलो. पुढच्या रविवारी बल्लारपूरला थांबलो. तिथल्या मशीनचा भुसा डबीत न जाता सगळा हवेत उडत होता. भुशाने खोकला होतो म्हणून ती गेली. एका मशीनने गडव्यातलं पाणी दुकानदाराच्या पँटवर सांडलं, म्हणून आम्ही गेलो. घरी माझ्या मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ लावून दिले, तर त्यांचा एकच प्रश्न, "हा मानूस दोन हातांनं काऊन धरून राह्यला?" आलापल्ली ते चंद्रपूर हे काही नाक्यापर्यंत जाऊन येणं नाही. तिसऱ्या फेरीला, तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर माझा तोल सुटला.

"भाऊ, तुम्हाला मशीन घ्यायची आहे की जिल्ह्याला पाणी पाजायचं आहे? सहा महिने कपाळ फोडून घेतोय मी!"

"घाई तुमाले हाय, सर," ते शांतपणे म्हणाले. "मशीन मले घ्याची हाय."

त्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ गल्ल्यावर होते. मुठीत मावेल अशी एक मशीन त्यांनी काढली. "दाबू नका हं," ते म्हणाले. "नुसता हात ठेवायचा, ती आपली आपण चालते. दाबली तर उलट काम बिघडतं." दिवाकरभाऊंनी त्या म्हाताऱ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या दुकानदाराकडे बघावं तसं, आदराने बघितलं. गडवा भरला. डोळे मिटले. मशीनपेक्षा गडवा जड निघाला. मशीन चालू केली, पाणी जरासंच हललं. मग तुकड्याला गाल लावून ते बराच वेळ तसेच राहिले. येताना ती मशीन त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेलो. आज फळी उचलूनच न्यायची असं ठरवून गेलो होतो. पडवीतून मशीनचा घर्र आवाज येत होता. फळी दोन स्टुलांवर आडवी होती. दिवाकरभाऊ नुसते बाजूला उभे होते, वायर हाताने वर धरून, ओढ बसू नये म्हणून. मशीनवर हात होता तो शेवंतावहिनींचा, त्यांच्या बायकोचा. उजवा हात, वाळलेला, मनगटाशी वाकडा.

दिवाळीत वहिनी विहिरीशी घसरून पडल्या, मनगट मोडलं, हे मला माहीत होतं. प्लास्टर निघालं तेही माहीत होतं. त्यानंतर निदान दहा वेळा मी त्यांच्या हातचा चहा प्यालो. दर वेळी कप डाव्या हाताने पुढे येत होता, ते मी पाहिलंच नाही.

"भरला गडवा," दिवाकरभाऊ मशीनच्या आवाजावर म्हणाले. "त्याच्यावर काई उचलत नाई त्या हातानं."

"म्हणजे एवढी वर्षं ती फिनिशिंग..."

"तिचीच. मले कुठी येते? म्या घासलं असतं तं तुमची धोतरं फाटली असती."

मी धोतर नेसत नाही, पण ती वेळ ते सांगायची नव्हती. "मग कधी सांगितलं का नाही?"

"म्हनत तं होतो, जोड पाहा म्हनून. जोड माहे हायेत."

"दुसरा माणूस लावला असता घासायला."

दिवाकरभाऊंनी वायर या हातातून त्या हातात घेतली. "दिवाळीपासून भिंतीले टेकून बसून राहे. फळीकडे पाहे अन् हाताकडे पाहे. मानूस लावला असता, तं उठलीच नसती ती."

मला माझी लाज वाटली. कपाळावरच्या टेंगळाची तर फारच.

वहिनींनी मशीन बंद केली. पदराने फळीवरचा भुसा झटकला, डोळे मिटले आणि वाकून उजवा गाल फळीला लावला. अगदी तसाच. म्हणजे ती खोडही मुळात वहिनींची. "आता ठीक हाय," त्या म्हणाल्या.

मी हात फिरवला. हात घसरत गेला. "वहिनी, काय फिनिशिंग आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं आणि सवयीने मी दिवाकरभाऊंकडे बघून अंग चोरलं. ते उखडले नाहीत. वायरीला नसलेला पीळ सोडवत बसले.

"जोड बी पाहा जी, सर," वहिनी म्हणाल्या. "जोड लय चांगले हायेत यांचे."

मी गुडघे टेकून फळीखाली शिरलो. दोन फळ्या कुठे मिळाल्या होत्या, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.