रॉकेलचा उदात्त गंध

एका जंगलात, बाळांनो, सगळीकडे उकडायचं आणि एकाच टेकडीवर थंडी वाजायची. टेकडीचं नाव हुडहुडी. तिथे भर दुपारी सरडे गोधडी पांघरून बसत. अशा जागी शहाण्याने बिऱ्हाड करू नये. म्हणून तिथे अस्वलं राहायची.

घर लहानसंच. गोदाक्का, तिचा नवरा भिवबा आणि तिची सासू. सासूला गोदाक्का आत्याबाई म्हणायची. बाकीचे प्राणी भीतीने काहीच म्हणायचे नाहीत.

टेकडीच्या उतारावर त्यांचा द्राक्षमळा होता. द्राक्षाची जात रिसलिंग. उत्तरेकडून आलेल्या एका करकोच्याने भिवबाच्या पणजोबांना तिची काडी दिली होती. हे द्राक्ष मोठं हट्टी. उन्हात घाईने पिकवलं तर रुसतं. थंडीत रेंगाळत पिकलं तर असा रस देतं, की जिभेवर आंबट आणि गोड दोघी जावांसारख्या भांडतात आणि शेवटी एकाच पंगतीला जेवायला बसतात.

अस्वलं त्या रसाची वाइन करायची. वाइन म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक नाही, असं तुमच्या आईबाबांना वाटतं. वाटू द्या.

घराची एक रीत होती. आत्याबाईंनी मण्याला दात लावायचा आणि सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघायचं. त्यांचा डावा डोळा मिटला की तोडणी सुरू. नाही मिटला तर थांबा. पाऊस येवो, वटवाघळं येवोत, थांबा. मग वाइन झाली की बुधल्या भरून कपारीत ठेवायच्या आणि विसरून जायचं. विसरायचं काम भिवबाकडे होतं. ते तो मन लावून करायचा.

खाली सपाटीवर रेडोजीराव रानरेड्याचा कारखाना होता. तिथे एका बाजूने द्राक्षं आत जायची आणि दुसऱ्या बाजूने लालभडक वाइन बाहेर यायची. मधे काय व्हायचं ते विचारायची पद्धत नव्हती.

एक दिवस सिंहमहाराजांच्या मनात आलं, एका जंगलात दोन-दोन वाइनी म्हणजे दुफळी! त्यांनी दवंडी पिटवली. "एक जंगल, एक वाइन! वनमहोत्सवात दोन्ही चाखल्या जातील. जी हरेल तिचा मळा सरकारजमा होईल!"

लग्न होऊन गोदाक्का टेकडीवर आली तेव्हा पहिला हिवाळा तिने रडून काढला होता. आता मात्र उतारावरचा एकही वेल असा नव्हता, जो तिने हाताने बांधला नव्हता. मळा गेला तर आपण राहायचं कुठे, हे तिच्या मनातही आलं नाही. या वेलींना कोण बघणार, एवढंच आलं.

परीक्षक म्हणून कोल्ह्याचं नाव निघालं होतं. पण द्राक्षांच्या बाबतीत त्याच्या घराण्याचा लौकिक बरा नव्हता. मग चिचुंद्रीबाईंना नेमलं. चिचुंद्रीबाई परदेशी जाऊन नाक शिकून आल्या होत्या. त्या आल्या की सगळे दोन पावलं मागे सरत. आदराने, असं त्यांना वाटे.

महोत्सवाआधी बाई पाहणीला टेकडीवर आल्या. भिवबाने कपारीतून एक बुधली काढली. ती तो खरोखरच विसरला होता, इतकी जुनी. बाईंनी पेल्यात नाक घातलं आणि डोळे मिटले.

"लिंबाची साल," त्या पुटपुटल्या. "हिरवं सफरचंद. ओला दगड." मग एकदम दचकल्या. "आणि रॉकेल!"

आत्याबाई ताडकन उठल्या. "रॉकेल? माझ्या घरात? अगं भवाने, आमच्याकडं दिवासुदिक करंजेलाचा असतो! तूच कुठंतरी नाक बुडवून आली असशील!"

"रागावू नका, आजी," बाई म्हणाल्या. "रिसलिंग जुनी झाली की तिला असा वास आपोआप येतो. अगदी पुसट. हे दूषण नाही, भूषण आहे!"

आता हे खरं होतं, बाळांनो. बाई खोटं बोलत नव्हत्या. पण खरी गोष्ट तज्ज्ञाच्या तोंडून बाहेर पडली की पुढे तिचं काय होईल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

बाईंनी खाली जाऊन वडाखाली भाषण दिलं. विषय होता 'रॉकेलचा उदात्त गंध'. लिंबाची साल कोणाच्या लक्षात राहिली नाही. ओल्या दगडाचा वास घेऊन बघायला कोणाला सवड नव्हती. रॉकेल मात्र सगळ्यांना कळलं.

झालं! जंगलाला रॉकेलचं खूळ लागलं. माकडांनी लग्नात अत्तराऐवजी रॉकेल लावलं. सशाच्या पोराने आईची खीर बाजूला सारली. "शी, हिला रॉकेलचा वासच नाही," तो म्हणाला. आईने त्याला धपाटा घातला. मग हळूच खिरीचा वास घेऊन बघितला आणि तीही खट्टू झाली.

रेडोजीरावाने ऐकलं आणि तो पोट धरून हसला. "एवढंच ना? त्यासाठी वर्षानुवर्षं कपारीत कशाला ठेवायचं?" त्याने सरकारी रेशन दुकानातून रॉकेलचे डबे आणले, रीतसर पावती घेतली आणि वाइनच्या टाकीत रिकामे केले.

लोक त्यावर तुटून पडले. मग तेच लोक टेकडीवर यायचे, गोदाक्काची वाइन चाखायचे आणि तोंड वाकडं करायचे. एक तरसीणबाई तर तोंडावर म्हणाली, "रॉकेल जरा कमीच आहे हो तुमच्यात. खालच्या वाइनचं कसं, झाकण काढल्याबरोबर डोळ्यांत पाणी येतं."

महोत्सव तोंडावर आला तसा भिवबाचा धीर सुटला. एका दुपारी तो काखेत डबा मारून आला.

"अगं, चमचाभरच टाकू," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मला कळंल."

"तू काय परीक्षक हाईस?"

"न्हाई. म्हणूनच कळंल."

"मळा जाईल, गोदा."

हे मात्र तिला लागलं. तिने डबा घेतला. महोत्सवासाठी भरून ठेवलेल्या वाइनच्या पिंपाचं झाकण काढलं. खोटं कशाला सांगू, मळा वाचत असता तर तिने स्वतःला विकलं असतं. तिचा हात पिंपावर गेलाही. तेवढ्यात आतून वास वर आला. सकाळच्या धुक्याचा, तोडणीच्या दिवसाचा, आपल्या घराचा. तिला रडूच कोसळलं. यात ही घाण ओतून मळा वाचवायचा, तर वाचवायचा तरी कशासाठी? तिने डबा दरीत भिरकावला.

"डबा तरी ठेवायचास," भिवबा म्हणाला.

आत्याबाई लांबून बघत होत्या. "शहाणी आहेस का खुळी, ते दरबारात ठरंल," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी सुनेला ताट त्यांनी वाढलं.

महोत्सवाला सगळं जंगल लोटलं. चिचुंद्रीबाईंनी आधी अस्वलांची वाइन हुंगली. "गंध आहे," त्या म्हणाल्या, "पण भित्रा." मग रेडोजीरावाची हुंगली. त्या मागेच कोलमडल्या. डोळ्यांतून धारा लागल्या. "वा!" त्या हुंदका देत म्हणाल्या. "काय ठणठणीत रॉकेल आहे!"

निकाल लागला. रेडोजीरावाच्या गळ्यात हार पडला. गोदाक्का आपल्या पिंपाला टेकून खाली बसली.

आता महाराज विजयी वाइन पिणार. पण शुभकार्याआधी औक्षण हवंच. महाराजांनी पेला आयाळीजवळ धरला आणि महाराणींनी निरांजन ओवाळायला घेतलं.

पुढचं तुम्ही ओळखलंत. दरबारातल्या शहाण्यांनी ओळखलं नव्हतं.

भक्कन जाळ झाला! महाराजांची आयाळ पेटली. प्रधान पळाले, सेनापती पळाले, पोपट "महाराज तेजस्वी! महाराज तेजस्वी!" ओरडत राहिले. गोदाक्का उठली. तिने पिंप उचललं आणि सगळी रिसलिंग महाराजांच्या डोक्यावर ओतली. आग विझली. महाराज निथळत उभे राहिले. मिशीवरून ओघळलेला थेंब त्यांनी चाटला. मग दुसरा चाटला.

"हे काय आहे? फार छान आहे!"

"हरलेली वाइन, महाराज," प्रधान परत येऊन म्हणाले.

"अस्सं," महाराज म्हणाले आणि त्यांनी चाटणं थांबवलं. "मग आता सांगा, जंगलात हे रॉकेल आणलं कोणी?"

रेडोजीराव पुढे झाला. "महाराज, आमचं रॉकेल सरकारी दुकानातलं. ही पावती. या अस्वलांच्या बुधलीत ते कुठून आलं, विचारा! आहे पावती यांच्याकडे?"

"म्हाराज, ते रॉकेल न्हाईच," गोदाक्का हात जोडून म्हणाली. "नुसता वास हाय. वय झालं की द्राक्षालाच येतो तो."

"कबुली!" प्रधान ओरडले. "रॉकेल द्राक्षातून येतं. द्राक्षात वेलीतून येतं. वेलीत मातीतून येतं. महाराज, हुडहुडीच्या पोटात तेल आहे!"

महाराजांचे डोळे चमकले. "बाई, तुम्हांला पहिला वास कुठे आला होता?"

चिचुंद्रीबाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण तज्ज्ञाने आपलं भाषण मागे घेतल्याचं कोणी ऐकलंय का? "हुडहुडीवरच, महाराज," त्या म्हणाल्या.

रेडोजीरावाला टेकडी खणायचं कंत्राट मिळालं. त्याने वेली मुळासकट उपटल्या. गोदाक्का पायथ्याशी उभी राहून बघत होती. आत्याबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. पुष्कळ खणल्यावर थंडगार पाणी लागलं. महाराजांनी आणखी खोल खणायला सांगितलं. अजून खणतायत.

अस्वलं आता पायथ्याच्या झोपडीत राहतात. परवा तिथे चिचुंद्रीबाई आल्या. तोंडावरून पदर घेतला होता.

"गोदाक्का," त्या हळूच म्हणाल्या, "एखादी बुधली उरली असेल तर द्या ना. घरी प्यायला हवी होती. तिथे कोणाला वास सांगावा लागत नाही."

गोदाक्काने एक रिकामी बुधली उपडी करून दाखवली.

"वाइन संपली, बाई," ती म्हणाली. "रॉकेल देऊ?"

तात्पर्य : बाळांनो, अस्सल वस्तू शक्यतो करू नये. केलीच तर तज्ज्ञाला चाखू देऊ नये. भेसळ मात्र खुशाल करावी, फक्त पावती घ्यायला विसरू नये.