छतातला डोळा आणि मॅडमचा कोट

आमच्या मुलाला घरच्या माणसांशी वागायची रीत नाही. एखादी गोष्ट कागदावर लिहिली की ती त्याला खरी वाटते, आणि तीच आईने सांगितली की तिला पुरावा लागतो. शहराच्या बांधकाम खात्यात तो इंजिनिअर आहे. घरातल्या दिव्यांनी वीज कमी खावी म्हणून तिथे नवे नियम ठरत होते आणि ते लिहून काढायचं काम याच्याकडे आलं होतं. नियम अजून मंजूर व्हायचे होते. आमच्या घराला मात्र ते कधीच लागू होऊन गेले. त्याला आम्ही पाठीमागे बचतराव म्हणतो. समोरही म्हणतो, पण मग तो जेवत नाही.

नियम असा, की खोलीत हालचाल दिसली तरच दिवा लागेल आणि दिसेनाशी झाली की आपोआप विझेल. त्यासाठी भिंतीवरची बटणं गेली आणि छतात पांढरा डोळा आला, कोटाच्या बटणाएवढा. शिवाय प्रत्येक खोलीला विजेचं माप ठरलं. त्यात छतातले दिवेच जेमतेम बसत होते. माझ्या शिलाई मशीनवरचा वाकड्या मानेचा दिवा मापाबाहेर गेला.

"आई, हा दिवा नियमात बसत नाही."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांग."

"अगं, वीज वाचते त्याने."

"वीज मी तुझ्या जन्माआधीपासून वाचवतेय. जुना बल्ब काढून नवा लावला तेव्हा मी हूं की चूं केलं का? खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करावं, एवढं शिकवताना तुझा कान वीतभर लांब झाला. तरी तू न्हाणीतला दिवा तसाच ठेवून शाळेत जायचास."

"म्हणूनच तर यंत्र हवं ना."

"म्हणजे एकटा तू विसरभोळा, म्हणून अख्ख्या शहराची बटणं काढायची?"

बचतरावांनी दिवा पिशवीत गुंडाळून कपाटावर टाकला. म्हणाले, समितीच्या मॅडम नमुना म्हणून आपलंच घर बघायला येणार आहेत, इथून त्या थेट सभेला जातील, आणि त्यांना पसंत पडलं की हेच नियम घरोघर.

"आणि माझा दिवा?"

"तो मग भंगारात."

ज्या दिव्याखाली लोकांच्या पँटी आखूड करून मी याला इंजिनिअर केला, तो भंगारात. मी तेव्हा काही बोलले नाही. तोंडात टाचण्या होत्या.

पहिला बळी आमच्या यांच्या मिशीचा गेला. मिशी कातरायची तर माणसाला आरशासमोर श्वास धरून उभं राहावं लागतं. डोळ्याला वाटलं, न्हाणीत कोणी नाही. दिवा गेला, कात्री चालू राहिली. हे बाहेर आले ते अर्धी मिशी घेऊन. मग उरलेलीही उतरवावी लागली. लग्नापासून त्या मिशीमागे काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. पाहिलं नसतं तरी चाललं असतं.

सूनबाई शाळेत शिकवते. संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासायला बसली की दर दोन उत्तरांनी काळोख. ती बिचारी लाल पेन धरलेला हात वर करायची, दिवा लागायचा, की पुढचं उत्तर.

"वर्गात मुलं हात वर करतात, घरी मी," ती म्हणाली. "अहो आई, निदान मुलांना उत्तर येत असतं."

मग दिवेलागणीला आमचं घर एकेक करून रिकामं व्हायला लागलं. सून गठ्ठा घेऊन समोरच्या शेजारणीकडे जायची, हे वर्तमानपत्र घेऊन तिच्या मागोमाग. बचतराव कचेरीतून उशिरा येत, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की मीटर हळू फिरतोय.

"आई, आपला वापर निम्म्यावर आला. मॅडम खूश आहेत."

"येणारच," मी म्हटलं. जास्त काही बोलले नाही. माणसाला थोडा आनंद असावा.

मी मात्र कुठे जाणार? मशीन काखोटीला मारून शेजारी जाता येत नाही. आणि त्याच आठवड्यात बचतरावांनी मॅडमचा कोट आणला.

काळा कोट, अंगावर शोभेल असा. डाव्या बाहीचं आतलं अस्तर मनगटाशी उसवलं होतं. सभेला घालायचा होता म्हणून याने आपण होऊन सांगितलं, माझी आई करून देईल. मॅडम घर बघायला येतील तेव्हा इथेच चढवतील आणि पुढे जातील.

"काळ्या कापडावर काळा दोरा," मी म्हटलं. "दिवा काढून दे. तेवढ्यापुरता."

"आई, मी स्वतः नियम लिहितोय. माझ्याच घरात नियम मोडू?"

माझ्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीला नाक लावून आहे. तिथे दुपारीही दिवा लागतो. मी सुई घेऊन बसले. बाहीच्या तोंडाशी अस्तर हाताने शिवायचं, म्हणजे हलतात ती दोन बोटं आणि सुई. छतातल्या डोळ्याच्या हिशोबी दोन बोटं म्हणजे माणूस नव्हे. चार टाके झाले की अंधार. मी हात उडवायची, उजेड यायचा, पण तोवर टाका कुठे होता ते हरवलेलं. शेवटी यांना दारात उभं केलं आणि सांगितलं, हात वर, हात खाली, थांबायचं नाही.

"किती वेळ?"

"कोट होईपर्यंत. व्यायाम होईल. डॉक्टर सांगून थकला."

यांनी थोडा वेळ इमानाने हात हलवले. मग चहा ठेवायला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. मी म्हटलं, आता कोणाची मनधरणी करायची. जन्म गेला या कामात, बोटांना डोळे आहेत माझ्या. उरलेले टाके मी अंधारातच घातले, दोरा दाताने तोडला आणि कोट हँगरला लावला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, मागे समितीचे दोन सभासद. बचतरावांनी गळ्यात टाय बांधला होता. दार उघडलं, दिवा लागला. पुढे गेले, पुढचा दिवा लागला, मागचा विझला. सभासद माना डोलावत होते. फिरणाऱ्याला ते यंत्र फार गोड वाटतं. बसणाऱ्याला कोणी विचारत नाही.

"वापर निम्म्यावर, मॅडम," बचतराव म्हणाले. "आणि घरच्यांना पत्तासुद्धा लागत नाही."

बिनमिशीचे सासरे आणि सून एकमेकांकडे बघत राहिले.

माझ्या खोलीत आल्यावर मी कोट काढून दिला. मॅडमनी उजवा हात घातला, तो गेला. डावा घातला, तो मनगटाशी थांबला. त्यांनी जरा जोर केला. हात काही बाहेर येईना. आता एवढी मोठी बाई कोटाशी झटतेय म्हटल्यावर बघायचं कोणी? सगळे अदबीने दुसरीकडे बघत, खांबासारखे उभे राहिले. मॅडमही लाजेने थबकल्या. आणि दिवा गेला.



"माझा हात अडकलाय," मॅडमचा आवाज आला.

"सगळ्यांनी जरा हात हलवा," बचतरावांचा आवाज आला.

उजेड झाला तेव्हा खोलीतली सगळी माणसं आगगाडीला निरोप दिल्यासारखे हात हलवत होती. मी बाही हातात घेऊन पाहिली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अस्तर बाहीला शिवायचं, ते मी वरची बाजू खालच्या बाजूला शिवली होती. बाहीचं तोंडच बंद. टाके मात्र असे सुबक, की मुंगीलाही वाट नव्हती.

"काकू, हे तुम्ही शिवलंत?"

"मीच. अर्धं उजेडात, अर्धं तुमच्या नियमात."

मॅडम हात मागे ओढायला गेल्या, तर मनगटावरचं घड्याळ अस्तरात गुंतलेलं. सभेची वेळ होत आली होती. बाही कापली तर कोट गेला, म्हणजे टाकेच उसवायला हवेत, तेही हात आत असताना. मी बारीक कात्री घेतली.

"आता अजिबात हलू नका. टोक लागेल."

मॅडम दगडासारख्या झाल्या. मीही श्वास धरला. दोन टाके निघाले आणि दिवा गेला. माझी कात्री त्यांच्या मनगटावर, आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा काळोख.

"अरे," मी म्हटलं, "इथे हलायचं नाही आणि न हललं तर दिसायचं नाही. तुझ्या नियमात यावर काय लिहिलंय?"

बचतराव पुटपुटले, कलम बघावं लागेल.

"नसेल लिहिलं तर कोपऱ्यात जा आणि उड्या मार."

"आई, सगळ्यांसमोर?"

"मारा," मॅडम म्हणाल्या.

बचतराव कोपऱ्यात उड्या मारायला लागले. टाय तोंडावर आपटत होता, खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या, पण उजेड होता. मी एकेक टाका काढत होते. मध्येच दम लागून ते थांबले की काळोख, की मॅडम म्हणायच्या, "थांबू नका." सभासदांपैकी एक कनवाळू माणूस म्हणाला, मी थोडा वेळ मारू का?

तेवढ्यात समोरची शेजारीण दारात आली. तिने कोपऱ्यात उड्या मारणारा इंजिनिअर पाहिला, हात पुढे करून उभी असलेली बाई पाहिली, आणि आमच्याकडे असं काही तरी चालूच असतं अशा चेहऱ्याने मला म्हणाली, "काकू, काकांचा चष्मा काल आमच्याकडेच राहिला. आणि सूनबाईंना म्हणावं, आज जरा लवकर या. तुमची माणसं रोज आमच्याकडे बसायला लागल्यापासून आमचा मीटर गरगर फिरतोय."

उड्या थांबल्या. दिवा गेला. या वेळी कोणी हात हलवला नाही.

"म्हणजे यांचा निम्मा वापर तुमच्याकडे होतो," मॅडम अंधारातून म्हणाल्या.

"हो. तुम्ही पण याल का?" शेजारीण म्हणाली. स्वभावाने भली आहे.

मॅडमनी निःश्वास सोडला. "काकू, या कोटाच्या आधी तुम्ही कुठल्या उजेडात शिवत होतात?"

"कपाटावर पिशवी आहे," मी म्हटलं. "याला विचारा."

बचतराव हलले तसा उजेड झाला; त्यांनी पिशवी काढली. दिवा मशीनवर ठेवला, मान वाकवली आणि मी बटण दाबलं. पिवळा उजेड बरोबर बाहीवर पडला आणि तिथेच राहिला. कोणी उडी मारली नाही, कोणी हात हलवला नाही. उरलेले टाके बघता बघता निघाले, घड्याळ सुटलं, आणि त्याच बैठकीत मी बाही पुन्हा शिवली. या वेळी बाहीसारखी. मॅडमनी हात घातला, बोटं बाहेर आली. निघताना मी दिव्याचं बटण बंद केलं. मॅडमनी ते पाहिलं.

संध्याकाळी बचतराव सभेहून आले ते छाती फुगवून. मॅडमनी तोच कोट घालून, तोच डावा हात वर करून सांगितलं म्हणे, की छतातला डोळा जिन्यात, बोळात, अडगळीच्या खोलीत असू दे. जिथे माणूस बसून काम करतो तिथे दिवा मापाबाहेर धरायचा आणि बटण माणसाच्या हाती ठेवायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलं. आणि ही सुधारणा सुचवली कोणी, तर नमुना घराच्या इंजिनिअरने, असं लिहिलं गेलं. बचतरावांची बढतीही ठरली.

त्यांनी स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर बटणं बसवली. माझ्या खोलीतलं सगळ्यात आधी, न्हाणीतलं शेवटी. सून घरातच गठ्ठा घेऊन बसली, हे बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर उभे राहून मिशी कुठवर आली ते बघत होते, आणि मी माझ्या दिव्याखाली कोणाची तरी पँट आखूड करत होते.

"बघ आई," स्टुलावरून उतरत बचतराव म्हणाले, "शेवटी सुचलं की नाही मला?"

मी दोरा तोडला, चष्मा कपाळावर सरकवला.

"सुचलं रे. तुझ्या डोक्यात प्रकाश पडतो, नाही असं नाही. पण समोर कोणी तरी हात हलवत राहावं लागतं. आता खाली उतरलास तसा न्हाणीत जा. दिवा चालू ठेवून आलायस."