दाराआडून दाखवलेलं नगर

उलटं चालण्यात आपला हात कुणी धरू शकणार नाही, असं गाइडबाईंचं ठाम मत होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही, तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे मागे चालायचं, काठीला बांधलेलं पिवळं फडकं उंच धरायचं आणि बोलत राहायचं, ही त्यांच्या नोकरीची पहिली अट होती. विद्यापीठाच्या मागच्या माळावर 'नवोन्मेष नगर' नावाचं काहीतरी उभं राहत होतं. प्राध्यापकांनी एका इमारतीत शोध लावायचे, तरुणांनी शेजारच्या इमारतीत त्या शोधांच्या कंपन्या काढायच्या आणि मधल्या बागेत दोघांनी मिळून चहा प्यायचा, अशी एकंदर योजना. सध्या मात्र तिथे शोधण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कोरडी पायवाट. बाकी सगळे खड्डे होते.

गाइडबाईंची नोकरी तात्पुरती होती आणि ती कायम व्हावी म्हणून त्या हट्टाला पेटल्या होत्या. कारण घरातलं होतं. हाती घेतलेलं काम मध्येच सोडण्याबद्दल त्यांची सासरी ख्याती होती. शिवणाचा क्लास बाह्यांपर्यंत आला आणि थांबला. पोहणं शिकताना पाण्यात उतरणं झालं, हात मारणं राहिलं. गाडी शिकल्या ती पुढे नेण्यापुरती.

"गाडी मागे घेता येत नाही, पण स्वतः बघ कशी मागे चालते," असं सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे गाइडबाईंना बरोबर कळायचं.

एके दिवशी संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. संचालक स्वभावाने घाबरट होते आणि अधिकाराने मोठे, त्यामुळे त्यांची भीती हाताखालच्या सगळ्यांना पुरायची.

"बुधवारी निधी देणारी समिती येतेय," ते म्हणाले. "अध्यक्षांसकट सात जण. खूश झाले तर नगर पुढे सरकेल आणि तुम्ही कायम. नाही झाले, तर..." त्यांनी खिडकीबाहेरच्या खड्ड्याकडे पाहिलं.

"होतील, सर."

"आणि एक लक्षात ठेवा. ही मंडळी म्हणे साध्या वेशात येतात. ओळख देत नाहीत. मुद्दाम खुळ्यासारखे प्रश्न विचारून परीक्षा घेतात. आपण ओळख विचारली की त्यांना अपमान वाटतो. तेव्हा काही विचारायचं नाही. त्यांनी काहीही विचारलं तरी हसायचं नाही. गंभीरपणे उत्तर द्यायचं."

हे संचालकांना कुणी सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाइडबाईंनी मात्र ते पदराला गाठ मारावी तसं पक्कं करून टाकलं.

तालीम घरातच सुरू झाली. बैठकीची खोली म्हणजे नगराचा मुख्य चौक. तिथून आत जाणारा बोळ म्हणजे मुख्य रस्ता. बोळात डावीकडे स्वयंपाकघर, ते जैवतंत्रज्ञान केंद्र. उजवीकडे झोपायची खोली, ती संगणक भवन. बोळाच्या टोकाला गॅलरी, तिथे तरुणांच्या कंपन्या. नवऱ्याला अध्यक्ष केलं. तो संगणक भवनात टेकला आणि घोरू लागला. सासूबाई मात्र पिवळ्या फडक्यामागे अगदी शिस्तीत चालल्या आणि गॅलरीत पोचल्यावर म्हणाल्या, "सगळं छान आहे गं. पण बाथरूम कुठे?"

"आई, हे जागतिक दर्जाचं नगर आहे. तिथे कुणी असलं विचारत नाही."

"माणसंच येणार ना? मग विचारणार."

"इथे डावीकडे, स्वयंपाकघराच्या पुढे!" गाइडबाई वैतागून म्हणाल्या.

"घरातलं मला ठाऊक आहे. तुझ्या नगरातलं विचारतेय."

गाइडबाईंनी ते कानाआड केलं, पुन्हा चौकात जाऊन उभ्या राहिल्या आणि मागे मागे येताना फरशी पुसायच्या बादलीत बसल्या. चार दिवसांत मात्र त्यांना सगळी सफर डोळे मिटून येऊ लागली.

बुधवार उजाडला. आता तिथली एक अडचण सांगायला हवी. नवोन्मेष नगराला लागूनच एका बिल्डरची फ्लॅटची योजना चालू होती. रस्ता एकच, त्यामुळे फाटकही एकच आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना मिळणारी टोपीही तीच पिवळी. फाटकाच्या आत डाव्या हाताला बिल्डरने नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता आणि गळ्यात टाय बांधलेला त्याचा विक्रेता दिवसभर दारात उभा असायचा. गाइडबाई आणि टायवाला रोज एकमेकांना मान हलवत. त्यापुढे ओळख नव्हती.

त्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा सात माणसं उभी होती. हातात पिशवी घेतलेल्या एक ठसठशीत मावशी, खिशात मोजायचा टेप असलेले एक काका, एक नवं जोडपं आणि आणखी तिघे. वेश अगदी साधा. काकांची चप्पल तर अंगठ्याला शिवलेली. काय हुबेहूब सोंग घेतलंय, असं गाइडबाईंच्या मनात आलं.

"आम्ही बघायला आलोय," मावशी म्हणाल्या.

"मला कल्पना आहे," गाइडबाई अर्थपूर्ण हसल्या, आणि ते हसू पुसून त्यांनी फडकं उंच केलं. "चला."

काका पहिल्याच अर्धवट उभ्या भिंतीपाशी थांबले आणि टेप लावून म्हणाले, "ही खोली लहान वाटतेय."

"इथे चारच माणसं बसतील, सर."

"आमचं कुटुंब पाच जणांचं आहे."

प्रश्नात काहीतरी मेख आहे, हे गाइडबाईंनी ओळखलं. "पाचवा नेहमी फिरतीवर असतो," त्या गंभीरपणे म्हणाल्या. काकांनी विचार केला. त्यांचा थोरला खरंच फिरतीवर होता. त्यांनी मान डोलावली.

"शेजार कसा आहे?" मावशींनी विचारलं.

"एका बाजूला गणित विभाग आहे."

"शांत आहेत का?"

"अतिशय. कधीकधी फळ्याशी बोलतात, तेवढंच."

"आमच्या आत्ताच्या शेजाऱ्यांपेक्षा बरे," मावशी म्हणाल्या. "ते आमच्याशी बोलतात."

"आणि झोपायचं कुठे?" नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं.

गाइडबाई सावध झाल्या. ही खरी परीक्षा होती. "इथे येणारी माणसं ध्येयवेडी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना झोप लागत नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, "हप्त्यांमुळे असेल."

अशी ती सफर रंगत चालली होती. गाइडबाई मागे मागे चालत होत्या, खड्डे त्यांना पाठ होते, एकदाही तोल गेला नाही. नगर निम्म्यावर आलं तेव्हा फोन वाजला.

"बाई, तुम्ही आहात कुठे?" संचालकांचा आवाज चिरकला होता.

"समितीबरोबर, सर. फार खूश आहेत."

"समिती माझ्यासमोर आहे! नमुन्याच्या फ्लॅटमध्ये! अध्यक्ष तिथल्या बाथरूममध्ये अडकलेत!"

झालं होतं ते असं. गाइडबाई मागे मागे चालत वळणाआड गेल्या आणि खरी समिती फाटकात उतरली. कुणी घ्यायला नाही. अध्यक्ष वयस्कर, प्रवास लांबचा. समोर टायवाला दिसला, त्याला त्यांनी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" गिऱ्हाईक सहसा स्वयंपाकघरापासून सुरुवात करतं, हा माणूस जाणकार दिसतोय, असं टायवाल्याला वाटलं. "या ना, दाखवतो," तो म्हणाला. अध्यक्ष आत गेले, दार लागलं आणि कडीची मूठ त्यांच्या हातात आली. नमुन्याचं दार होतं ते. ते उघडं ठेवून दाखवायचं असतं, लावून बघायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

गाइडबाईंनी फोन ठेवला आणि समोरच्या सात जणांकडे पाहिलं. "तुम्ही समिती नाही?"

"आम्ही फ्लॅट बघायला आलोय," मावशी म्हणाल्या. "पण तुमचं चालू द्या. छान सांगता तुम्ही."

दुसरं कुणी असतं तर तिथल्याच एखाद्या खड्ड्यात उतरून बसलं असतं. गाइडबाईंना रडू आलं, पण त्यांनी ते गिळलं. बिनबाह्यांचा ब्लाउज त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "चला," त्या म्हणाल्या, आणि सातही जणांना घेऊन निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सरळ पळत होत्या.

फ्लॅटमध्ये पळापळ चालू होती. समितीचे सहा सदस्य शोभेच्या सोफ्यावर ओळीने बसले होते. टायवाला त्यांना अजूनही फरशीचे गुण सांगत होता, कारण गप्प राहिलं की दारामागचा आवाज ऐकू यायचा. संचालक भिंतीला टेकून पाणी पीत होते.

"सुतार कधी येतोय?" आतून अध्यक्षांनी विचारलं.

"निघालाय, साहेब," संचालक म्हणाले.

"येऊ दे. मी बाहेर पडलो की थेट गाडीत बसणार. हे असलं नगर मला बघायचं नाही."

संचालकांनी डोळे मिटले. गाइडबाईंनी मात्र उघडले. म्हणजे जे काही करायचं ते सुतार यायच्या आत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बैठकीची खोली. आत जाणारा बोळ. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली, टोकाला गॅलरी. त्यांच्याच घराचा साचा होता तो, फक्त पसारा नव्हता.

त्यांनी पिवळं फडकं वर केलं आणि बंद दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, अध्यक्षमहोदय. नवोन्मेष नगरात आपलं स्वागत. आपण आत्ता मुख्य रस्त्याच्या कडेला उभे आहात."

"मी बाथरूममध्ये उभा आहे, बाई."

"आपल्या पलीकडच्या भिंतीला लागून जैवतंत्रज्ञान केंद्र," गाइडबाई स्वयंपाकघरात शिरत म्हणाल्या. सोफ्यावरचे सहा जण बसून कंटाळले होते, ते उठून मागे आले. फ्लॅटवाले सातही आले. संचालकही आले, कारण एकटं उभं राहायची त्यांना भीती वाटली. ओट्याशी गाइडबाईंनी रोगांवरच्या लसी समजावल्या, कपाटाशी संगणक. दाराआडून एक हुंकार आला. मग दुसरा. मग प्रश्न.

"आणि त्या पोरांच्या कंपन्या बुडाल्या तर?"

"दहातल्या आठ बुडतीलच, साहेब. पण बुडालेला पोरगा घरी जात नाही. बागेत जातो, तिथे प्राध्यापक चहा पीत असतात. त्याचं काय चुकलं ते त्याला तिथे कळतं. म्हणून बाग मध्ये ठेवलीय."

"हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"खरंय हो साहेब," मावशी दाराला तोंड लावून म्हणाल्या. "मी आत्ताच निम्मं बघून आले. सगळं चांगलं आहे. फक्त झोपायची सोय नाही."

तेवढ्यात हत्यारांची पिशवी घेऊन सुतार आला आणि बिजागरीला हात घालू लागला. गाइडबाईंनी बोळाच्या टोकाकडे पाहिलं. अजून गॅलरी राहिली होती. पुन्हा एकदा काम अर्धवट.

"कोण खुडबुडतंय?" आतून आवाज आला.

"सुतार, साहेब. उघडतोच आता."

"थांब जरा. त्यांचं सांगून होऊ दे."

संचालकांनीच गाइडबाईंच्या हातात आपला पाण्याचा ग्लास दिला. मग त्या गॅलरीपर्यंत गेल्या, मागे मागे, एकेक पाऊल टाकत, आणि त्यांनी सफर पुरी केली. एखादं काम शेवटापर्यंत नेलं की कसं वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

दार निघालं. अध्यक्ष बाहेर आले, घामाघूम आणि प्रसन्न. त्यांनी गाइडबाईंना नमस्कार केला. "बाई, न बघताच सगळं बघितलं. आता एकच सांगा. तुमच्या नगरात बाथरूम कुठे आहे?"

"पण साहेब, आपण आत्ता..." संचालक म्हणाले.

"आतलं नुसतं दाखवायचं आहे. त्याला पाणीच नाही."

सगळे गाइडबाईंकडे बघू लागले. मजुरांचा पत्र्याचा संडास होता, पण तो खड्ड्यांच्या पलीकडे. विद्यापीठाला आणि संचालकांच्या कचेरीला जायचं तर अख्ख्या माळाला वळसा. गाइडबाईंनी फडकं उचललं. "रस्ता ओलांडला की माझं घर आहे. चला."

दार सासूबाईंनी उघडलं. समोर सून, तिच्यामागे चौदा माणसं, संचालक, टायवाला आणि सुतार. त्यांनी काही विचारायच्या आत अध्यक्ष बैठकीच्या खोलीत शिरले आणि थबकले.

"हा मुख्य चौक," ते स्वतःशीच पुटपुटले. "हा रस्ता. डावीकडे जैवतंत्रज्ञान." आणि कुणालाही न विचारता, स्वयंपाकघराच्या पुढचं दार उघडून ते दिसेनासे झाले.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग बाथरूमच्या बंद दाराकडे नुसतं बोट दाखवलं. तेच जास्त लागलं.

निधी मिळाला. गाइडबाई कायम झाल्या. निधीबरोबर अध्यक्षांनी एकच अट घातली होती, त्यामुळे त्या जागतिक दर्जाच्या नगरात सगळ्यात आधी जे बांधून पुरं झालं ते बाथरूम. मावशींनी शेवटी फ्लॅट घेतला, पण गणित विभागाच्या बाजूचाच हवा म्हणून टायवाल्याशी भांडून घेतला. नगरात शोध अजून लागायचे आहेत. गाइडबाई रोज पाहुणे फिरवतात, संध्याकाळी दमून घरी येतात, आणि सासूबाई चहाचा कप पुढे करत रोज एकच विचारतात.

"बाथरूम दाखवलंस ना?"

"दाखवलं, आई," गाइडबाई म्हणतात. "सगळ्यात आधी."