तक्रार केंद्र आंघोळीला गेलं आहे

नगराध्यक्षपदाची खुर्ची सोडून आठवडा झाला, तरी अध्यक्ष रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बैठकीच्या खोलीत फोनशेजारी बसत. ज्या फोनने इतकी वर्षं त्यांना दोन घास धड खाऊ दिले नव्हते, तो आता स्टुलावर गप्प बसून होता.

"फोन बिघडला असेल," ते म्हणाले.

"चांगला आहे. काल माझ्या बहिणीचा आला होता," स्वयंपाकघरातून अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"बहिणीचा फोन म्हणजे काही फोन नव्हे."

"मग रिकामेच आहात तर हा नळ बघा. पातेलं ठेवून ठेवून कंटाळले मी. आता तरी बघाल ना?"

"नोंद घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा फोनकडे पाहू लागले. त्या नळाची नोंद त्यांनी अध्यक्षपदाच्या पहिल्या मुदतीतच घेतली होती.

गावाला घरोघरी पाणी त्यांनीच दिलं होतं. खिडकीतून दिसणारी उंच टाकी त्यांच्याच काळातली. तिचं पहिलं पाणी आलं तेव्हा सगळी गल्ली भांडी घेऊन नळापाशी उभी होती. अध्यक्षांनी मोठ्या अभिमानाने बायकोला विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली होती, "गढूळ आहे." गावातली पाण्याची पहिली तक्रार ती. पुढे गाव वाढलं, आजूबाजूची गावंही वाढली, कारखाने आले, वसाहती आल्या, आणि दुपारीच टाकीचा तळ दिसू लागला. मग नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन इंजिनियर आले. अकरा गावांना मिळून एकच मोठी जलवाहिनी. आपल्या टाकीच्या मायेपोटी अध्यक्षांनी बरीच खळखळ केली, पण शेवटी होकार दिला. वाहिनी बांधून झाल्यावर ती सुरू करायच्या कागदावर केलेली सही ही त्यांची कारकिर्दीतली शेवटची. सहीखाली 'संपर्कासाठी फोन' असा रकाना होता. तिथे त्यांच्या हाताने सवयीने घरचा नंबर लिहिला, आणि तो रकाना संपूर्ण योजनेचा आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

फोन बिघडला असेल म्हणाले, त्याच दिवशी दुपारी तो वाजला.

"पाण्याचं तक्रार केंद्र ना?" एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. "कालपासून नळाला नुसती हवा येतेय बघा."

'राँग नंबर' एवढंच म्हणायचं होतं. अध्यक्षांनी तोंड उघडलंही.

"उंचावर राहता का आजी?" ते म्हणाले.

"हो, टेकडीवर. तुम्हाला कसं कळलं?"

"हवा येते म्हणजे टेकडीच. खालचे नळ बंद होईपर्यंत पाणी वर चढत नाही. नोंद घेतली आहे. पाहतो."

मग त्यांनी चार ठिकाणी विचारून त्या गावच्या पाणी सोडणाऱ्याचा नंबर मिळवला आणि, "केंद्रातून बोलतोय," असं ठणकावून सांगून खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह तासभर बंद करायला लावला. संध्याकाळी आजींचा पुन्हा फोन आला. पाणी आलं होतं. त्या रात्री अध्यक्ष बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शेजारचे शिंपीकाका योजनेचं पत्रक घेऊन आले तेव्हा खरा प्रकार उघडकीला आला. अकरा गावांत घरोघर वाटलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत अध्यक्षांच्या घरचा नंबर होता.

"आत्ताच्या आत्ता कळवा त्यांना," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर घरात लक्ष घालीन म्हणाला होतात."

"कळवतो. सोमवारी."

"आज सोमवारच आहे."

"मग पुढच्या."

पुढचा सोमवार आला नि गेला. फोन दिवसभर खणखणू लागला. अध्यक्ष न्हाणीघरात असले की बाईंनाच तो घ्यावा लागे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "तक्रार केंद्र आंघोळीला गेलं आहे. आज डोक्यावरून आंघोळ आहे, वेळ लागेल." पलीकडचा माणूस अदबीने बरं म्हणाला. दोन दिवसांत केंद्राच्या आंघोळीची वेळ अकरा गावांना पाठ झाली आणि त्या वेळेत कुणी फोन करीना.

मग दोन गावांची जुंपली. एक कारखान्यांचं, एक वसाहतींचं, आणि दोघांनाही पाणी सकाळीच हवं. दोन्हीकडचे अध्यक्ष आळीपाळीने फोनवर आग ओकू लागले. आपल्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. कारखान्यांच्या गावाला संध्याकाळी, वसाहतींना सकाळी, आणि दोघांचाही अर्धा तास कमी.

"अर्धा तास का कमी?" बाईंनी विचारलं.

"एकाला खूश केलं की दुसरा भांडतो. दोघं सारखे नाराज असले की गाव शांत राहतं. मी इतकी वर्षं काय केलं असं वाटतं तुला?"

दोन्ही गावांच्या पाणी सोडणाऱ्यांनी केंद्राचा हुकूम म्हणून तो मुकाट्याने पाळला. अकरा गावांचं पाणी आता स्टुलावरच्या फोनवरून चालत होतं. एवढ्या मोठ्या कारभारात बाईंचं पातेलं मात्र रोज भरायचं आणि रोज रिकामं व्हायचं.

आणि एक दिवस योजनेचे तरुण इंजिनियर स्वतः दारात उभे राहिले. चेहरा आनंदाने फुललेला.

"अध्यक्ष, तुम्हाला आमंत्रण द्यायला आलोय. योजना सुरू झाल्यापासून आमच्याकडे एकही तक्रार नाही. केंद्रातल्या दोन्ही मुली बसून स्वेटर विणतायत. आणि गंमत म्हणजे, पाण्याच्या पाळ्या कंप्युटरने आपोआप सुधारल्या. आम्ही समारंभ ठेवलाय, प्रमुख पाहुणे तुम्ही."

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तो वाजतच राहिला, तेव्हा जवळ बसलेल्या इंजिनियरनी सभ्यपणे उचलला.

"तक्रार केंद्र ना?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आज साहेबांचा आवाज बारीक का येतोय? आंघोळ झाली ना त्यांची?"

इंजिनियरनी फोन खाली ठेवला आणि ते अध्यक्षांकडे वळले.

"पाळ्या तुम्ही बदलल्यात?"

"नोंद घेतली होती," अध्यक्ष पुटपुटले.

मुलगा भला होता. ओरडला नाही, उलट हसला. "पाळ्या तशाच ठेवतो," जाताना तो म्हणाला. "नंबर मात्र बदलायला हवा. तुम्ही आता आराम करा."

नवी पत्रकं वाटली गेली आणि फोन पुन्हा गप्प झाला. अध्यक्ष कपडे करून बसत, टाकीकडे बघत. टाकी आता रिकामीच असायची. आपलंही तसंच झालंय असं त्यांना वाटे, आणि ते वाटणं काही केल्या जाईना. बोलणं कमी झालं, पानात टाकलेलं उरू लागलं. अध्यक्षीणबाई बघत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी, "शिंपीकाकांकडे अभ्रे शिवायला टाकून येते," म्हणून त्या बाहेर पडल्या.

पाच मिनिटांत फोन वाजला. अध्यक्षांनी झडप घातली.

"तक्रार केंद्र का?" आवाज बाईचा होता, मुद्दाम घोगरा केलेला. मागे शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती. "आमचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो."

अध्यक्षांनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. "कधीपासूनची तक्रार आहे बाई?"

"फार जुनी. त्याच्याआधीही एक केली होती. पाणी गढूळ होतं म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे कुणी फिरकलं नाही."

"चूक झाली केंद्राची," अध्यक्ष हळूच म्हणाले. "माणूस निघालाच आहे."

'नोंद घेतली आहे' असं या वेळी ते म्हणाले नाहीत. बाह्या सावरल्या, माळ्यावरचा पाना शोधून काढला आणि मोठ्या उत्साहाने नळाला भिडले. दोन वेढे फिरवले, तिसऱ्याला नळ हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट तोंडावर. नखशिखांत भिजलेले अध्यक्ष एका हाताने भोक दाबून उभे राहिले. अकरा गावांतले व्हॉल्व्ह त्यांना तोंडपाठ होते. स्वतःच्या घराचा कुठे आहे, हे काही केल्या आठवेना.

"अगं ए," त्यांनी खिडकीतून हाक मारली, "आपल्या घराचा व्हॉल्व्ह कुठे आहे?"

शिंपीकाकांच्या खिडकीत अध्यक्षीणबाई दिसल्या. त्यांनी अध्यक्षांना डोक्यापासून पायापर्यंत निवांत न्याहाळलं.

"नोंद घेतली आहे," त्या म्हणाल्या. "पाहते."